३१५ की जुनी माउझर? दोन्ही रायफली आतून उघडून पाहू

रायफलीचा परवाना हातात पडला की बहुतेकांसमोर दोनच रस्ते असतात. एक म्हणजे सरकारी कारखान्याची नवी ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं आतलं माप) स्पोर्टिंग रायफल. दुसरा म्हणजे कोणाच्या तरी वाड्यातून विक्रीला निघालेली जुनी विलायती शिकारी रायफल, आणि ती बहुधा माउझर पद्धतीची असते. सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे हा विलायती माल आता हातोहातच फिरतो आणि त्याचा भाव ऐकून माणूस गांगरतो.

माझी उमेदीची वर्षं आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून गेली. कोतात, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या कोठारात, हजारो रायफली हाताखालून गेल्या आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतले लोक विकत घेण्याआधी 'जरा बघता का' म्हणून येतात. अशाच एका गृहस्थाला विक्रेत्याने सांगितलं होतं, "आतून सगळ्या सारख्याच असतात, तुम्ही लाकूड बघा." त्याने लाकूड बघितलं आणि पैसे मोजले. घरी आल्यावर कळलं की बोल्टवरचा, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्यावरचा, नंबर वेगळा आणि बॉडीवरचा, म्हणजे तो दांडा ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावरचा, वेगळा. त्या एका वाक्यापायी हे लिहायला बसलो आहे. आतून सगळ्या सारख्या नसतात. सैन्यासाठी बनलेले भाग आणि एका मालकासाठी बनलेले भाग यांची घडणच वेगळी असते, आणि तुमचा निर्णय त्यावर ठरायला हवा.

आधी घराणं समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. ३१५ ही दुकानात मिळणारी, नागरी रायफल. पण तिचा सांगाडा लष्करी आहे. तो ली-एन्फील्डचा, म्हणजे आपल्याकडच्या 'थ्री नॉट थ्री'चा. १९०७ साली मंजूर झालेल्या मार्क ३ नमुन्याच्या रायफली पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत पिढ्यान्‌पिढ्या बनल्या. १९६० च्या दशकात त्याच बांधणीवर, जास्त मजबूत पोलाद वापरून, ७.६२ मिलिमीटरच्या २ए आणि २ए१ निघाल्या. ३१५ ही त्याच कुटुंबातली नागरी बहीण.

मग काडतूस वेगळं का? ब्रिटिश सरकारला धास्ती होती की सैन्याची काडतुसं चोरीला गेली तर ती लोकांच्या बंदुकीत चालतील. म्हणून लष्करी बोअर नागरिकांना बंद झाला आणि बंदूकवाल्यांनी ८ मिलिमीटरचं दुसरं काडतूस धरलं. ते मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मॅनलिखर रायफलीचं, म्हणजे तेही एका सैन्याचंच, फक्त आपल्यावर राज्य करणाऱ्या सैन्याचं नव्हे. ०.३१५ इंच म्हणजे ८ मिलिमीटर, नाव तिथून आलं. आजही थ्री नॉट थ्री आणि ७.६२ हे प्रतिबंधित बोअर आहेत आणि ३१५ अप्रतिबंधित. तेव्हा 'ओरिजिनल मिलिटरीची मिळते का बघा' हा शोध सोडून द्या. तो तुमच्या परवान्यात बसत नाही.

माउझरचंही मूळ लष्करीच. १८९८ साली जर्मन सैन्याने ती स्वीकारली. पण ओबर्नडॉर्फच्या त्याच कारखान्याने शिकारी रायफलींसाठी वेगळे बोल्ट आणि बॉड्या बनवल्या, आणि लंडनच्या रिग्बीसारख्या बंदूकवाल्यांनी त्यांवर आपल्या रायफली बांधल्या. जिम कॉर्बेटची .२७५ रिग्बी ती हीच जात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, 'शिकारी रायफल' हे नाव तेवढं राहिलं.

म्हणजे तुलना अशी आहे: लष्करी हाडाची नागरी रायफल एका बाजूला, आणि लष्करी मुळावर बंदूकवाल्याने हाताने घडवलेली दुसऱ्या बाजूला.

बोल्ट: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

टेबलावर जुनी चादर अंथरा, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, करंगळी घालून बघा, आणि मग दोन्ही बोल्ट शेजारी शेजारी ठेवा.

लीच्या, म्हणजे ३१५ च्या, बोल्टचं पुढचं टोक, म्हणजे बोल्ट हेड, वेगळा भाग आहे. ते पेचासारखं फिरवून निघतं. बोल्टला बॉडीत पकडून ठेवणारे खांदे मागे, हँडलच्या जवळ आहेत. माउझरचा बोल्ट एकसंध आहे. त्याचे दोन खांदे अगदी पुढे, काडतुसाच्या बुडाला लागून आहेत आणि मागे तिसरा खांदा नुसता आधाराला ठेवलेला आहे. पुस्तकं वाचणारे लगेच सांगतील की माउझरची पकड जास्त मजबूत. खरं आहे. लीमध्ये बार उडताना खांदे आणि काडतूस यांच्यामधला बोल्टचा लांब भाग किंचित दबतो, बॉडी किंचित ताणते आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, थोडी लांबते. तीच पुंगळी पुन्हा भरून वापरणाऱ्या विलायती हौशी मंडळींना हे छळतं. तुम्ही पुंगळी भरणार नाही, ती वापरून झाली की झाली. शिवाय ३१५ चं काडतूस जड गोळीचं आणि मंद आहे. गोळी साधारण २४४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), तर थ्री नॉट थ्रीची मार्क ७ गोळी १७४ ग्रेनची आणि तिचा वेग सेकंदाला २,४४० फूट. म्हणून या मुद्द्यावर माउझरसाठी जास्त पैसे मोजू नका.

खरा फरक दुरुस्तीत आहे. काडतुसाचं बूड आणि बोल्टचा चेहरा यांत किती जागा राहते, याला हेडस्पेस म्हणतात. थ्री नॉट थ्रीसाठी लष्करी गेज (मापक) ०.०६४ ते ०.०७४ इंच होतं. म्हणजे सगळी मुभा पाव मिलिमीटरची. झिजून जागा वाढली की पुंगळी फाटण्याची भीती. लीमध्ये अशा वेळी बोल्ट हेड बदलून बघता येतं. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर ४ रायफलीसाठी तर शून्य ते तीन अशा चढत्या मापांची बोल्ट हेड ठेवलेली असत. आपल्याकडच्या मार्क ३ च्या घराण्यात असे छापील नंबर नाहीत, आर्मोरर चार हेड लावून गेज फिरवून बघतो आणि बसेल ते ठेवतो. माउझरमध्ये ही सोय नाही. जागा वाढली तर काम थेट नळीपर्यंत जातं. ते काम मापात करणारा परवानाधारक कारागीर तुमच्या जिल्ह्यात आहे का, याची चौकशी रायफल बघण्याआधी करा.

पण लष्करी भाग म्हणजे कुठलाही कुठेही बसतो, असाही समज करून घेऊ नका. स्प्रिंगा, मॅगझिन, बोल्ट हेड बदलता येतात. खुद्द बोल्टचं मात्र तसं नाही. त्याचे दोन्ही खांदे त्या एका बॉडीत सारखे टेकतील असे घासून बसवलेले असतात. म्हणून बोल्टच्या हँडलच्या मुळाशी रायफलीचा नंबर ठोकलेला असतो. कोतात सफाईच्या दिवशी दहा बोल्ट एका ताटात काढले तर शिक्षा ठरलेली. ज्या गृहस्थाची गोष्ट वर सांगितली त्याची रायफल चालत होती, पण एक खांदा टेकत होता आणि दुसऱ्याच्या मागे कागद सरकत होता.

आता एक्स्ट्रॅक्टर बघा, म्हणजे पुंगळी मागे ओढणारा आकडा. लीमध्ये तो बोल्ट हेडमध्ये बसवलेला, नखाएवढा, चपट्या स्प्रिंगवर. ती स्प्रिंग मोडते किंवा दमते. पण भाग लहान, स्वस्त आणि बदलायला दहा मिनिटं. पुंगळी बाहेर फेकायला लीमध्ये बॉडीच्या डाव्या भिंतीत एक साधा पेच असतो, त्याला पुंगळी थडकते. माउझरचा आकडा बोटापेक्षा लांब, बोल्टच्या बाजूने जाणारी पोलादी पट्टीच आहे. बोल्ट फिरला तरी ती फिरत नाही, आणि काडतूस मॅगझिनमधून सुटल्यापासून त्याचं बूड धरून ठेवते. रायफल कशीही तिरकी धरा, काडतूस निसटत नाही. वाघावर चालून जाणाऱ्या माणसाला ही पट्टी का हवी होती ते हातात घेतलं की कळतं. माझ्या मते माउझरचा हा एकच भाग लीपेक्षा निःसंशय सरस आहे.

हाताला जाणवणारा आणखी एक फरक. माउझरचं हँडल उचलताना स्प्रिंग दबते, लीमध्ये बोल्ट पुढे ढकलताना. म्हणून माउझरचं हँडल उचलायला जड आणि ९० अंश फिरतं, लीचं हलकं आणि ६० अंश. नवख्याला लीचा शेवटचा इंच जड वाटतो. चार दिवसांत हात बसतो.

चाप आणि लाकूड यांचं नातं

लष्करी चाप दोन टप्प्यांत येतो. आधी ढिला, लांब ओढा, मग एक टेकू लागतो आणि त्यापुढे जरा जोर दिला की बार. शिपायाचं बोट थंडीने बधिर असेल, तो धावून दमलेला असेल, म्हणून सीअर, म्हणजे चापाने हलणारा अडसर, आणि कॉकिंग पीस, म्हणजे काडतूस पेटवणाऱ्या स्ट्रायकरचं मागचं टोक, एकमेकांत खोल अडकवलेले असतात. पहिल्या टप्प्यात ती अडक बरीचशी सोडवून घ्यायची, दुसऱ्यात उरलेली. शिकारी रायफलीचा बंदूकवाला हा पहिला टप्पा काढून टाकतो किंवा दोन चापांचा सेट ट्रिगर बसवतो: मागचा ओढून ठेवला की पुढचा केसाच्या भाराने सुटतो. खाली बसून, टेकू लावून, एकच बार मारायचा असेल तर तो सुखाचा आहे. रात्री वस्तीवर कुत्री भुंकतात म्हणून उठलेल्या, घाबरलेल्या माणसाच्या हातात तो नको. हे मी मनापासून सांगतो. शेतावर राहणाऱ्याने सेट ट्रिगरची रायफल घेऊ नये, ती कितीही देखणी असो.

जुन्या माउझरचा चाप कोणीतरी 'हलका' करून ठेवलेला असतो, हेही लक्षात ठेवा. सीअरची कड तेलदगडावर घासली की चाप हलका होतो. कडेचा कठीण थर गेला की आतलं मऊ पोलाद लवकर झिजतं. मग एक दिवस बोल्ट जोरात बंद केला की चापाला बोट न लावताच बार उडतो. तपासताना रिकाम्या रायफलीचा बोल्ट पाच-सहा वेळा दणकून बंद करा. एकदाही स्ट्रायकर आपणहून सुटला तर रायफल खाली ठेवा आणि चहा पिऊन घरी या.

लीच्या बाजूने एक उणीव सांगतो, ती कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांच्या कामाची आहे. मार्क ३ च्या मांडणीत चाप बॉडीला नव्हे, तर खालच्या ट्रिगर गार्डला अडकवलेला असतो. बॉडी आणि गार्ड यांच्यामध्ये असतं लाकूड. पावसाळ्यात लाकूड फुगलं की गार्ड खाली जातो, उन्हाळ्यात सुकलं की वर येतो. तुमच्या चापाचा पहिला टप्पा जूनमध्ये एक आणि एप्रिलमध्ये दुसरा. इंग्रजांनी नंबर ४ च्या १९४९ सालच्या मार्क २ मध्ये चाप थेट बॉडीला टांगला तो याच कारणाने. जुन्या मांडणीच्या रायफलीला कच्च्या जवसाच्या तेलाचे हात देत राहावे लागतात, वर्षातून एकदा तरी. माउझरमध्ये चाप आणि सीअर दोन्ही बॉडीलाच, त्यामुळे हे दुखणं नाही.

लाकडावरून आठवलं. मार्क ३ पद्धतीचा बट (खांद्याला टेकणारं मागचं लाकूड) सैल झाला म्हणून पुष्कळ लोक मागून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आतला मोठा पेच फिरवतात. त्या पेचाचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न काढता तो फिरवला की ते लाकूड आतून चिरतं, आणि वरून काही दिसत नाही. विकत घेताना बॉडीच्या मागच्या बाजूला, बट जिथे भिडतो तिथे, टॉर्च मारून केसासारखी रेघ शोधा.

मॅगझिन

लष्करी लीचं मॅगझिन दहा काडतुसांचं, पत्र्याचं, वरून पाच-पाचच्या क्लिपने भरायचं. ३१५ चं पाचाचं. दोन्हीकडे काडतुसाला बाहेर आलेली कड आहे, आणि भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहायला हवी. उलटी बसली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. अंगठ्याने भरताना दर वेळी काडतूस थोडं मागे ओढून सोडायची सवय लावा.

माउझरचं मॅगझिन रायफलीच्या पोटातच, पाच काडतुसं डावी-उजवी रचलेली. इथे लष्करी आणि शिकारी घडणीतला एक सुंदर फरक दिसतो. लष्करी माउझरमध्ये काडतुसं उचलणाऱ्या पट्टीची मागची कड चौकोनी असते. मॅगझिन संपलं की बोल्ट तिला अडतो आणि पुढे जात नाही. शिपायाला अंधारातही कळतं की संपलं. शिकारी रायफलीत तीच कड उतरती घासलेली असते, म्हणजे रिकामी रायफल तंबूत हलक्या हाताने बंद करून ठेवता यावी. तसंच तळाच्या झाकणाचं. लष्करी झाकण काढायला गोळीचं टोक किंवा खिळा लागतो, शिकारी झाकण बिजागरीवर उघडून काडतुसं हातात पडतात. घरात लहान मुलं असणाऱ्याला रायफल रिकामी करण्याची ही सोय फार मोलाची आहे. ३१५ मध्ये मॅगझिन सुटं काढता येतं, तेही तितकंच सोयीचं. मात्र मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक राहू शकतं, ते विसरू नका.

सेफ्टीबद्दल थोडक्यात. लीची सेफ्टी डाव्या बाजूला, अंगठ्याखाली, बोल्ट आणि कॉकिंग पीस दोन्ही अडवणारी. माउझरची बोल्टच्या मागे पंखासारखी उभी राहते. वर दुर्बीण बसवली असेल तर तो पंख दुर्बिणीला लागतो, म्हणून बंदूकवाले तो बदलून बाजूला छोटा खटका करतात. असा बदललेला खटका दिसला तर तो कोणी आणि कसा केला ते विचारा.

कोणी काय घ्यावं

शेतावर किंवा मळ्यात राहणारा, जवळ जाणकार कारागीर नाही, वर्षातून मोजके बार: ३१५ घ्या, आणि शक्यतो नवी. तिचे भाग खडबडीत आहेत, बोल्ट थोडा खडखडतो, लाकडाला विलायती झळाळी नाही. पण ती खडखड सैन्याने चिखलासाठी मुद्दाम ठेवलेली जागा आहे. बारीक माती गेली तरी बोल्ट फिरतो. हाताने घासून चपखल बसवलेल्या रायफलीत तीच माती अडकते. शिवाय काडतुसांचा प्रश्न. ३१५ ची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या, १८६९ पासून चालू असलेल्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीची. पुंगळीच्या बुडावर 'केएफ' ठोकलेलं दिसेल, ते जुन्या 'किरकी'चं 'के'. .२७५ सारख्या विलायती बोअरची माउझर घेतलीत तर आधी काडतुसं कुठून येणार ते लेखी उत्तरासारखं स्पष्ट करून घ्या. काडतूस नसलेली रायफल म्हणजे कपाटातलं लोखंड.

घरातच आजोबांची माउझर असेल आणि वारसाने परवाना तुमच्या नावावर होत असेल तर ती विकू नका. ती तपासून घ्या, हेडस्पेस मोजून घ्या, चाप बघून घ्या. एका मालकासाठी घडवलेली वस्तू त्याच्या घरात राहिली तर तिची काळजी घेतली जाते. फक्त शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तो हिशेब आधी करा.

निशाणेबाजी शिकायची असेल तर या दोन्ही नकोत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य आणलं, ते पॉइंट टू-टूच्या रायफलीने. क्लबात जा, एअर रायफलने सुरुवात करा.

आतल्या भागांत स्वतः हात घालू नका. सफाई, तेल, पुलथ्रू (नळी आतून पुसायची दोरी) इथपर्यंत मालकाचं काम. सीअर, चाप, बोल्ट हेड हे परवाना असलेल्या कारागिराचं. बोअर किंवा यंत्रणा बदलणं हा तर कायद्याने गुन्हाच आहे, आणि 'करून देतो' म्हणणाऱ्याच्या दुकानातून तिथल्या तिथे निघा.

सौदा ठरला की पैसे देण्याआधी परवान्यावर जो नंबर चढणार आहे तो बॉडीवर स्वतः वाचा. मग बोल्ट काढा, हँडलच्या मुळाशी तेल लागलं असेल तर फडक्याने पुसा, आणि तिथला नंबर वाचा. दोन्ही आकडे शेजारी कागदावर लिहून घ्या आणि विक्रेत्याला पावतीवर दोन्ही लिहायला सांगा.